ऑलीच्या नावावरचा ठोसा

आमच्या क्लूनगारच्या मैदानाला आता स्टँड आहे. सिमेंटच्या पायऱ्या, वर पत्रा, आणि पत्र्याखाली हातभर उंच अक्षरांत जार्लथ कोस्टेलोचं नाव. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि स्टँडचं तोंडही बरोबर पश्चिमेलाच केलंय. त्यामुळे आत बसलं काय नि बाहेर उभं राहिलं काय, भिजायचं ते भिजतंच. ज्याचं नाव दिलंय त्याला शोभेल असंच काम झालंय म्हणा. लांबून भव्य, गरजेला निकामी.

त्या उद्घाटनाच्या सँडविचचं हॅम मी कापलं. मी कार्मेल ब्रेहनी. या क्लबच्या प्रत्येक विजयाचं, पराभवाचं आणि मयताचं हॅम मीच कापत आले आहे. पुरुषांनी मैदानात चिखल तुडवायचा आणि आम्ही हॉलमध्ये पाव कापत बसायचं, अशी इथली वाटणी. पण चहाच्या किटलीपाशी उभ्या बाईला कुणी माणसात धरत नाही, म्हणून तिला सगळं ऐकायला मिळतं. जार्लथ कोस्टेलोबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं त्याच्या बायकोलाही नसेल.

मला त्याच्याकडून आयुष्यभरात एकच वाक्य हवं होतं. चार लोकांसमोर, मोठ्यानं. "त्या पंचाला मी मारलं, ऑली ब्रेहनीनं नाही." ऑली म्हणजे माझा धाकटा भाऊ. एवढं एक वाक्य बोलायला या महान खेळाडूला म्हातारपण यावं लागलं.

खोटं कशाला बोलू, खेळायचा तो छान. डाव्या पायानं चेंडू असा उचलायचा की पायाला बांधलेला असावा असं वाटे. मैदानाच्या कडेवरून, वाऱ्याविरुद्ध, आडव्या दांड्याच्या वरून पॉइंट काढायचा. आमच्या खेळात चेंडू दांड्याखालून गेला की गोल, वरून गेला की पॉइंट. देवानं त्याला तो एक पाय दिला आणि बाकीच्या माणसात काही घालायचं विसरला. शाळेत बेरीज यायची नाही, तर मास्तर म्हणायचे, राहू दे, त्याला संध्याकाळी सराव आहे. बापाच्या गायी भाऊ पिळायचा, कारण जार्लथचा पाय दुखावला तर गावाचं कसं व्हायचं. आमच्याकडे खेळायचे पैसे कुणाला मिळत नाहीत, तसे त्यालाही मिळाले नाहीत. पण अठरा वर्षांचा झाल्यापासून त्यानं खिशात हात घातलेला मी पाहिला नाही. पशुखाद्याच्या कंपनीनं त्याला गाडी आणि नोकरी दिली. खाद्यातलं ह्याला ओ की ठो कळत नव्हतं. शेतकरी रविवारच्या मॅचच्या गप्पा ऐकायला त्याला गोठ्यात घ्यायचे आणि निघताना चार पोती घ्यायचे. गायींनी काय खाल्लं ते गायींनाच माहीत.

आता ऑली. ऑलीला खेळ येत नव्हता. पण जीव इतका की सांगता सोय नाही. सरावाला सगळ्यात आधी हजर, जाळ्या बांधणार, चेंडू पुसणार, आणि मॅचच्या दिवशी बाकावर. क्लूनगारच्या संघात त्याला कधी पाच मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. मग कामधंदा नाही म्हणून तो न्यूयॉर्कला गेला, तिथे बांधकामावर लागला. तिथेही आपल्याच मुलखातल्या लोकांचा क्लब, ब्राँक्समध्ये मैदान, आणि तिथेही हा बाकावर. काम त्या क्लबमुळेच मिळालेलं. ठेकेदार क्लबचा, मुकादम क्लबचा, राहायची खोलीसुद्धा क्लबच्याच माणसाची. त्या वर्षी मीही तिथेच होते. एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायचे, रविवारी सुट्टी असली की मैदानावर जायचे. तिथेही मला कुणीतरी सँडविचच्या टेबलामागे उभं केलंच.

त्या वर्षी ऑलीचा क्लब फायनलला पोहोचला. तिकडे तेव्हा एक रीत होती, सगळ्यांना ठाऊक आणि कागदावर कुठेच नाही. फायनल असली की गावाकडून एखादा भारी खेळाडू विमानानं आणायचा, शुक्रवारी आणायचा, रविवारी खेळवायचा, सोमवारी परत पाठवायचा. तो तिथल्या यादीत नसतो, म्हणून तो तिथल्याच कुणाच्या तरी नावावर खेळतो. बाकावरच्या माणसाचं नाव त्यासाठी बरं पडतं, त्याला त्याचा उपयोग नसतो. आणला जार्लथला. नाव कुणाचं द्यायचं? ऑली हात वर करून पुढे. त्याला वाटलं, केवढा मान! आपली खाट त्याला दिली आणि स्वतः जमिनीवर झोपला.

"माझ्या नावाला जप रे," ऑली त्याला हसत म्हणाला.

"तुझ्या नावाला आज पहिल्यांदा गोल दिसणार आहे," जार्लथ म्हणाला, आणि सगळी खोली हसली. ऑली सगळ्यात जास्त हसला.

गोल दिसले, खरी गोष्ट. जार्लथनं दोन गोल मारले, पॉइंट किती काढले ते मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. मग शेवटाकडे पंचानं शिट्टी फुंकली. चेंडू हातात धरून चारच पावलं टाकायची मुभा असते, जार्लथनं जास्त टाकली होती. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पंच म्हणजे टॉम गिलहूली, आमच्या शेजारच्याच गावचा, तरुणपणीच तिकडे गेलेला, तेव्हा साठीला टेकलेला. चष्मा दोरीनं डोक्यामागे बांधलेला, एवढासा माणूस. त्यानं चेंडू मागितला. जार्लथनं चेंडू टाकून दिला आणि त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. मी टेबलामागून पाहिला. गिलहूली आडवा झाला तेव्हा त्याचा चष्मा अजून डोक्यालाच होता, फक्त काचा नव्हत्या.

जबडा मोडला. म्हाताऱ्याला कितीतरी आठवडे नळीतून जेवावं लागलं. आणि आपले वीरपुरुष? कपडे न बदलता मागच्या दारानं गाडीत, तिथून विमानतळावर. सोमवारी ते क्लूनगारमध्ये आणि मंगळवारी सरावाला.

चौकशी बसली. यादीत नाव ऑली ब्रेहनीचं. चौकशीला बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की ठोसा मारणारा माणूस समुद्रापार गेलाय. पण ज्याचं नाव तो माणूस, असा नियम. ऑलीनं तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? तिथला कप गेला असता, ते सोडा. पण क्लूनगार त्या वर्षी आमच्या जिल्ह्याच्या फायनलला गेलं होतं, माझ्या आजोबांच्या हयातीतसुद्धा गेलं नव्हतं ते. जार्लथवर बंदी आली असती तर तो कप विसरा. आणि आमच्याकडे माणूस दारू पिऊन बापाला बडवेल, त्याला माफी आहे. चुगली करणाऱ्याला नाही. त्याच्या नातवंडांनासुद्धा नाही. मी ऑलीला म्हटलं, वेड्या, खरं सांग.

"गावाची फायनल आहे, कार्मेल," तो म्हणाला.

"आणि तू?"

"मी काय, तसाही बाकावरच असतो."

गेला आणि म्हणाला, मीच मारलं. जन्मभराची बंदी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पुढे सगळं त्याच माळेचं. मुकादम गिलहूलीचा भाचा निघाला, त्यानं कामावरून काढलं. म्हाताऱ्याला मारणारा म्हणून दुसरं कुणी घेईना. शेवटी ऑली एका इमारतीच्या दारावर उभा राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून द्यायला. बाकी आयुष्य त्यानं तेच केलं.

इकडे क्लूनगारनं फायनल जिंकली. रस्तोरस्ती शेकोट्या पेटवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जार्लथला उभा करून मिरवला. मी नाताळच्या आधी परत आले तेव्हा त्याचा उजवा हात अजून सुजलेला होता. फायनलमध्ये लागलं म्हणे.

मी घरात पाऊल टाकलं आणि आईला ओळखलं नाही, अशी खंगली होती. ऑलीनं पोस्टातल्या फोनवर तिला स्वतः सांगितलं होतं की पंचाला मी मारलं. मी म्हटलं, आई, मी डोळ्यांनी पाहिलंय, जार्लथनं मारलं. ती म्हणाली, "तो स्वतःच्या तोंडानं सांगतोय आणि तू मला वेगळं सांगतेस? भावाला वाचवायला खोटं बोलू नकोस." मी रडून सांगितलं, शपथा घेतल्या. गाढवापुढे बोलले असते तर त्यानं निदान कान तरी हलवले असते.

गिलहूलीची बहीण आमच्याच चर्चला यायची. आई तिच्या मागच्या बाकावर बसायची, आयुष्यभर बसली होती. ती आता अगदी दाराशी, खांबामागे बसू लागली. मग एक दिवस तिनं फळांचा केक केला, नाताळचा, चांगला आठवडाभर मुरवलेला, आणि डोंगरावरून चालत त्या बाईच्या घरी गेली, मुलाच्या वतीनं माफी मागायला. त्या बाईनं दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि दार लावलं. केक घेतला नाही. आई तो केक पदराखाली झाकल्यासारखा कोटाखाली धरून परत आली आणि टेबलावर ठेवला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

आणि त्या संध्याकाळी जार्लथ आला. सणाचं भेटायला घरोघर फिरत होता, हिरो ना! बसला. केक दिसला. विचारलं नाही, कापला.

"ऑली मनाचा फार चांगला आहे हो, मिसेस ब्रेहनी," तोंडात केक कोंबून म्हणतो, "जरा तापट आहे, एवढंच."

आईनं मान खाली घातली. आणि त्याला दुसरा तुकडा वाढला, पाहुणा म्हणून.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "परत आत चल आणि तिला सांग. आत्ता."

"अगं, वेडी आहेस का? प्रांताची मॅच व्हायची आहे. कळलं तर बंदी घालतील, वर कपही काढून घेतील. गावाचा कप आहे, माझा एकट्याचा का आहे? ती मॅच होऊ दे, मी स्वतः सांगतो. आईची शपथ."

कोणाच्या आईची, ते बोलला नाही.

प्रांताची मॅच झाली, हरले. मग जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची होती. ती झाली. मग उन्हाळ्यात मोठी स्पर्धा होती. मग गुडघ्याचं ऑपरेशन. मग परत स्पर्धा. दरवर्षी मी विचारायची आणि दरवर्षी काहीतरी तोंडावर आलेलं असायचं. आजवर मी एवढा नियमित वसुलीला येणारा सावकारसुद्धा पाहिला नाही जेवढी नियमित मी मागायची, आणि एवढा नियमित टाळणाराही पाहिला नाही. मी एकदा फादर क्विगकडे गेले. क्लबचे अध्यक्ष तेच. त्यांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं.

"कार्मेल, काही गोष्टी देवावर सोडाव्यात," ते म्हणाले.

"फादर, देव त्या दिवशी ब्राँक्सला नव्हता, मी होते."

"कप गावाचा आहे," फादर म्हणाले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. दुकानदाराला, मास्तरांना, दूधवाल्याला. पण अळीमिळी गुपचिळी. माझ्या आईला रस्त्यात भेटले की हेच लोक दयेनं मान हलवायचे. एकाची जीभ वळली नाही.

आई त्या खांबामागेच बसत राहिली, ती जाईपर्यंत. ऑलीला येता आलं नाही. कागदपत्रं नव्हती, एकदा बाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं. शवपेटीला पुढून खांदा द्यायला कोण? जार्लथ. मुलाच्या जागी म्हणे. काळा सूट, केस पाणी लावून बसवलेले. लोक हळहळले, किती मोठ्या मनाचा माणूस. कबरीपाशी मी त्याच्या कानात म्हटलं, "आता कुणाला सांगशील?" त्यानं माझा हात दाबला, मी शोकात आहे असं समजून.

त्याच्या कारकिर्दीचं सांगायचं तर जिल्ह्याच्या संघातून तो खूप वर्षं खेळला आणि काही जिंकला नाही. एकदा मात्र जिंकायची वेळ आली होती. प्रांताची फायनल, शेवटचं मिनिट, समोरून फ्री किक, बरोबरी करायला एक पॉइंट पुरे. माझ्या मावशीनं चपलेनं मारला असता असा. यानं बाहेर मारला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, वारा होता. त्या वाऱ्यावर या माणसानं पुढची तीस वर्षं काढली. खेळणं सुटल्यावर पब काढला, तर भिंतीवर त्या किकचा फोटो, आणि कुणी विचारलं की तो बोट ओलं करून वर धरून दाखवायचा, वारा कुठून होता ते. दरवेळी दिशा वेगळी. पब बायकोनं चालवला. ती बिचारी पिंप बदलायची, ग्लास विसळायची, आणि हा काउंटरच्या अलीकडे बसून गिऱ्हाइकांच्या पैशांनी प्यायचा. पब बुडाला याचं मला नवल नाही, इतकी वर्षं तरंगला कसा याचंच आहे.

मग राजकारण. आमच्याकडे ज्यानं एकदा चेंडू नीट मारला त्याला मतं मिळतात, खुर्चीवर बसल्यावर तो काय मारणार हे कुणी विचारत नाही. कौन्सिलवर निवडून गेला. कबरस्तानाकडचा रस्ता करीन म्हणाला होता. तो रस्ता अजून तसाच आहे, ट्रॅक्टरमधून मयत न्यावं लागतं. नंतर संघ निवडायच्या समितीत गेला आणि आपल्याच भाच्याला गोलमध्ये उभं केलं. त्या वर्षी आम्ही किती गोल खाल्ले ते विचारू नका. मग खुबा बदलला, केस गेले, आणि देव आठवला. करून करून भागला आणि देवपूजेला लागला. रोज सकाळी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. आत शिरतानाच, माझी आई जिथे बसायची त्या दाराजवळच्या खांबाला टेकून आपली ओली छत्री ठेवायचा.

मग क्लबनं ठरवलं, स्टँडला त्याचं नाव द्यायचं. हॉलमध्ये जेवण, भाषणं, जुने खेळाडू बोलवायचे. सेक्रेटरी माझ्याकडे आला, हॅमचं बघशील ना?

"बघते की," मी म्हटलं. "पण आधी जार्लथला माझ्याकडे पाठव."

आला काठी टेकत. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

"आता मॅच नाही, निवडणूक नाही, बंदी घालायला तुझा तो पायही उरला नाही," मी म्हटलं. "कप काढून घ्यायला आता कोण येतंय? त्या दिवशी स्टेजवर उभं राहून सांगायचं. नाहीतर मीच माईक घेईन, आणि मी सांगेन त्यात केकही असेल."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "ऑली येतोय का?"

"येतोय." ऑलीला आता कागदपत्रं मिळाली होती. निवृत्तही झाला होता. मी त्याला बोलावलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. मला त्याचा चेहरा बघायचा होता, सगळ्या गावासमोर त्याचं नाव धुतलं जाताना.

"सांगतो," जार्लथ म्हणाला. आणि या वेळी मला खरंच वाटलं की तो सांगेल, कारण घाबरलेला होता.

ऑली आला. वाळका, पांढरा, इमारतीच्या दारावर उभं राहून पाठ ताठ झालेली. हॉलमध्ये मी त्याला पुढच्या टेबलावर बसवलं. तरुण पोरांचं एक टेबल होतं, त्यांतली निम्मी मधली काही वर्षं न्यूयॉर्कला कामाला राहून आलेली. ती ऑलीकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मला वाटलं, टिंगल करताहेत. म्हटलं, थांबा जरा, आता कळेल तुम्हाला.

फादरांची प्रार्थना, सेक्रेटरीचं भाषण, आमदाराचं भाषण. मग जार्लथ उठला. वारा सांगितला, अर्थातच. फायनल सांगितली. मग माझ्याकडे बघितलं. मी किटली खाली ठेवली.

"आणखी एक सांगायचंय," तो म्हणाला. "न्यूयॉर्कला एका पंचाला आपल्या ऑलीनं मारलं असं सगळे म्हणतात. ते खरं नाही. ऑलीच्या नावावर त्या दिवशी मी खेळलो. मीच मारलं. आणि मंडळी, काय सांगू, असा स्वच्छ ठोसा माझ्या हातून परत झाला नाही."

तेवढी शेपूट त्याला लावावीच लागली. हॉल हसला. म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली, कारण त्यांना माहीतच होतं. मी म्हटलं, हसा मेल्यांनो, पण बोलला तर खरं. माझे डोळे भरून आले. मी ऑलीकडे बघितलं.

ऑली पांढराफटक पडला होता. तो उठला, स्टेजवर गेला, आणि जार्लथच्या हातातून माईक घेतला.

"जार्लथ कोस्टेलो आयुष्यभर थापा मारत आला," तो म्हणाला, "आज म्हातारपणी माझा ठोसाही चोरायला निघाला. तो गोल मारायला शिकला, ठोसा मारायला शिकला नाही. गिलहूलीला मी मारलं. दोन गोल मारले, आणि मग त्याला मारलं."

तरुणांचं टेबल उभं राहिलं. "ऑली! ऑली!" करून ओरडायला लागलं. त्यांनी ही गोष्ट ऐकलेली होती, ब्राँक्समधल्या एका पबमध्ये, खुर्चीवर बसून सांगणाऱ्या ऑलीच्याच तोंडून. ऑलीनं आता स्टेजवरूनही त्यांना चेंडू कसा आला, कुणाला कसं चुकवलं, चष्म्याला दोरी कशी होती, सगळं सांगितलं, हातवारे करून. त्यात एक चूक नव्हती. कसं असेल? त्यानं ते सगळं बाकावरून पाहिलेलं होतं. जार्लथ दोन्ही हात पसरून माझ्याकडे बघत खाली बसला. बघ बाई, मी तर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑली आईच्या टेबलाशी बसून उकडलेलं अंडं खात होता. मला रात्रभर झोप नव्हती.

"का केलंस तसं?" मी विचारलं.

"तू त्याला बोलायला लावलंस?"

"हो. चाळीस वर्षं त्याच्या मागे लागले."

"कुणी सांगितलं होतं तुला?" तो शांतपणे म्हणाला. "तिकडे मी दार उघडणारा माणूस. कोट घातला की तोंडसुद्धा कुणाला आठवत नाही. पण आपल्या लोकांच्या पबमध्ये गेलो की नवीन आलेली पोरं विचारतात, तोच का तू? ज्यांना खरं माहीत होतं ती सगळी मेली नाहीतर पांगली. कार्मेल, मी एकच फायनल खेळलो आहे. तीही काढून घेणार होतीस?"

माझं डोकं सणकलं. जार्लथवर नाही. इतकी वर्षं तो सगळा राग मी एका माणसासाठी राखून ठेवला होता, आणि आता तो या अंडं खाणाऱ्या म्हाताऱ्यावर निघाला. "आई तो केक घेऊन डोंगर चढून गेली," मी म्हटलं. "लाजेनं खांबामागे बसून मेली. आणि तू तिकडे त्या ठोशाच्या जोरावर बिअर पीत होतास?"

ऑलीनं चमचा खाली ठेवला.

"त्या दिवशी पोस्टातल्या फोनवर मी तिला सांगितलं," तो म्हणाला. "ती खूप रडली. मग रडता रडता थांबली, आणि विचारलं, 'पण खेळलास ना रे? चांगला खेळलास?' मला तिनं त्याआधी कधीच विचारलं नव्हतं, विचारण्यासारखं काही नसायचंच. मी म्हटलं, हो आई, दोन गोल मारले."

मी त्याच्यासमोर बसले आणि त्याला आणखी पाव कापून दिला.